दोन्ही गोळ्या

३ सप्टेंबर १९०३. लुआंग्वा नदी, चितेंबोच्या गावाजवळचा तळ

नवी वही. जुनी पांढऱ्या मुंग्यांनी खाल्ली. पुठ्ठे तेवढे शिल्लक ठेवले. ही पत्र्याच्या डब्यात ठेवणार. 'यात काय लिहिता?' असं कसुबानं विचारलं. मी म्हटलं, जे खरं असेल ते लिहितो. 'मग तोंडानं काय बोलता?' म्हणाली. तिची जीभ अशीच आहे. तिसरं वर्ष चाललंय ती माझ्या तळावर राहायला आली त्याला, आणि तिला गप्प कसं करायचं ते मला अजून जमलेलं नाही.

उद्या निघायचं. हत्ती डोंगरातून नदीकडे उतरलेत आणि पावसाला दोन महिने आहेत. चोंबाआजा नियम सांगायला आला होता. खोऱ्यातल्या सगळ्या हत्तीमाऱ्यांचा तो म्होरक्या. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, एका हत्तीणीची कृपा. नियम दर वर्षी तेच. शिकारी रानात असेपर्यंत त्याच्या बायकोनं चूल विझू द्यायची नाही, त्या चुलीतला विस्तव कोणाला द्यायचा नाही, अंगाला तेल लावायचं नाही, परपुरुषाजवळ जायचं नाही. चूल बाटली की रानात गोळी वळते आणि हत्ती माणसाला मारतो. माग काढायला माझ्यापुढे मुसोंडा चालतो. त्याची बायको म्विला हे सगळं अक्षरशः पाळते. कसुबाही पाळते, मी कधी सांगितलेलं नसताना.

मी म्हटलं, "आजोबा, माझ्या बंदुकीला चुलीचं काही कळत नाही. तिला काडतुसाचं कळतं."

"बंदूक नवी आहे, ब्वाना," म्हातारा म्हणाला. "हत्ती जुना आहे."

इथं मला ह्यू टर्नबुल म्हणून कोणी ओळखत नाही. मी 'दोनवाले ब्वाना', म्हणजे दोनवाले साहेब. दुनळी बंदूक, दोन्ही नळ्या एकापाठोपाठ, आणि हत्ती खाली. हे नाव कमवायला अकरा वर्षं गेली. गेल्या साली मुसोंडाचा धाकटा भाऊ काब्वे गावभर सांगत फिरला की ब्वानांचा रानरेड्यावर नेम चुकला. पाणघोड्याच्या चामड्याच्या चाबकाचे पंचवीस फटके दिले त्याला, सगळ्यांसमोर. त्यानंतर 'चुकला' हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला नाही. नेम त्या दिवशी चुकलाच होता, पण तो मुद्दा नाही.

७ सप्टेंबर

दोन माद्या आणि एक म्हातारा नर. एका मादीचं पिल्लू तिच्यापासून हलेना. सोंडेनं तिचा कान उचलायचं, सोडायचं, पुन्हा उचलायचं. माणसं मांस कापायला लागली तरी मध्ये मध्ये येत होतं. शेवटी भाल्याच्या दांड्यानं झोडून हाकललं, तर लांब उभं राहून ओरडत राहिलं.

मुसोंडा म्हणाला, "त्याला एक गोळी द्या, ब्वाना. पुण्य लागेल."

"त्याला दात कुठे आहेत?"

"तुमच्या पुण्याला पण दात लागतात काय?" तो हसत म्हणाला. मुसोंडाचं मी चालवून घेतो. त्याच्यासारखा माग काढणारा दुसरा नाही.

हत्ती ज्या कुशीवर पडतो त्या बाजूचा, मातीला टेकलेला दात जमिनीच्या मालकाचा, म्हणजे गावप्रमुख चितेंबोचा. वरचा शिकाऱ्याचा. म्हातारा नर नेमका चांगल्या दातावर पडला आणि वरचा अर्धा मोडका. तेवढ्यासाठी वाद कोण घालणार? तीस माणसं लावली, दोर बांधले आणि त्याची कूस बदलून घेतली.

चोंबाआजा मागाहून लंगडत आला. बराच वेळ जमिनीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मेल्यावर कूस बदलली वाटतं यानं."

"म्हातारपणी झोप नीट लागत नाही, आजोबा."

त्यानं चिमूटभर तपकीर ओढली आणि विषय सोडला. 

११ सप्टेंबर

मुसोंडा गेला.

जे झालं ते इथं लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

फाटक्या कानाच्या नराच्या मागावर आम्ही तीन दिवस होतो. एवढे मोठे दात मी खोऱ्यात पाहिलेले नाहीत. सकाळी तो काटेरी झाडीत शिरला. चोंबाआजा आणि बाकीचे नदीवर थांबले. मुसोंडा आणि मी, दोघंच आत गेलो. आत शिरताना तो कुजबुजला, "ब्वाना, नाक झाका. लाल नाक हत्तीला लांबून दिसतं."

आमची पद्धत ठरलेली आहे. हत्ती दिसला की मुसोंडा खाली बसतो आणि मी त्याच्या डोक्यावरून मारतो. तो मागे वळून बघत नाही. सहा वर्षांत त्याला बघायची गरज पडलेली नाही.

हत्ती दिसला, मुसोंडा बसला. पंधरा पावलं असतील. हत्ती वळला आणि सरळ आला. मी बंदूक खांद्याला लावली. त्यानंतर मी पळत होतो. मधलं काही आठवत नाही, कितीही आठवलं तरी. मुसोंडा "मारा, ब्वाना" असं दोनदा म्हणाला. मोठ्यानं नव्हे, अगदी नेहमीच्या आवाजात. मग ओरडला.

मी एका वारुळाआड उभा होतो. हत्तीनं गुडघे टेकले आणि कपाळानं दाबत राहिला. बराच वेळ लागला. मुसोंडाचा आवाज मध्येच थांबला, पण हत्ती थांबला नाही. दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या आणि हत्ती चाळीस पावलांवर माझ्याकडे कूस करून होता. पोरानंही मारला असता. माझा हात उचलेना.

तो निघून गेला तेव्हा मी आभाळात दोन्ही गोळ्या सोडल्या. नदीवरच्या माणसांना आवाज जायला हवा होता. विजार ओली झाली होती, म्हणून झऱ्यात कमरेपर्यंत उतरलो.

माणसं धावत आली. मी म्हणालो, "दोन्ही गोळ्या कपाळात घातल्या, तरी हलला नाही." मुद्दाम नाही म्हणालो. अकरा वर्षं हेच म्हणायची सवय. तोंडातून आपोआप निघालं.

१३ सप्टेंबर. तळावर

काल मुसोंडाला आणलं, आज पुरलं. आणण्यासारखं फार नव्हतं. म्विलाला बघू दिलं नाही.

कसुबानं माझे कपडे धुवायला नेले. विजार हातात घेऊन थोडी थांबली. मी म्हटलं, झऱ्यातून जावं लागलं. "हो, झऱ्याचाच वास आहे," म्हणाली आणि गेली. बायकांच्या पाणवठ्यावर न जाता पलीकडे एकटी गेली, का कोण जाणे. परत आली तेव्हा बाकीचे कपडे होते, विजार नव्हती. दगडावर वाळत टाकली तर पांढऱ्या मुंग्यांनी खाल्ली म्हणाली. एवढ्या लवकर?

दुपारी गाव चिंचेखाली बसलं. चोंबाआजा आणि काब्वे मागे राहून हत्तीचा माग बघून आले होते. म्हातारा माझ्यासमोर येऊन बसला, वाकत नसलेला पाय लांब करून.

"ब्वाना, आम्ही नदीवर होतो. आधी मुसोंडाचा आवाज आला, मग बंदुकीचा."

"झाडीत आवाज मागेपुढे होतो."

"होत असेल. दोन्ही गोळ्या कपाळात?"

"दोन्ही."

"मी त्या हत्तीच्या मागावर दुपारभर चाललो. रक्ताचा थेंब नाही." मग म्हणाला, "माणूस चुकतो, ब्वाना. मी तीनदा चुकलो. तिसऱ्यांदाचा हा पाय. त्याची लाज नाही."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. काब्वे समोरच बसला होता, उघड्या पाठीनं. मी म्हणालो, "मी चुकत नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मग गोळ्या वळल्या," तो म्हणाला. "चूल बाटली."

हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. तोवर बायकांनी म्विलाला धरलं होतं. तिची चूल पाणी ओतून विझवली, डोकं भादरलं आणि तिला गावाबाहेरच्या खोपटात नेऊन बसवलं. ती रडत नव्हती. "कोणाबरोबर, ते तरी सांगा," एवढंच विचारत होती.

१४ सप्टेंबर

म्वावी देणार म्हणतात. झाडाच्या सालीचं पाणी. प्यायल्यावर ओकली तर निर्दोष, नाही ओकली तर मरते आणि तोच निकाल. सरकारनं बंदी घातलेली आहे, पण सरकार इथून चार दिवसांच्या वाटेवर आहे. चिठ्ठी पाठवावी असं मनात आलं. लिहायलाही घेतली. पण मॅजिस्ट्रेट आला की आधी विचारणार, माणूस मेला कसा. जागा दाखवा म्हणणार.

दुसरा उपाय मला ठाऊक आहे. चिंचेखाली जाऊन दोन शब्द बोलायचे. पण मुसोंडा खाली बसला आणि मी पळालो, हे एकदा कळलं की या खोऱ्यात माझ्यापुढे कोणी खाली बसणार नाही. आणि पुढे कोणी खाली बसलं नाही तर हत्ती मारता येत नाहीत. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. दुसरं काही मला येत नाही.

कसुबा म्हणाली, "म्विलानं काही केलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

बायका एकमेकींची बाजू घेतात. मी पुढे विचारलं नाही.

१५ सप्टेंबर

चोंबाआजा आज पुन्हा आला. तपकिरीची डबी पुढे केली, हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "परवा म्वावीवाला येतोय. त्याच्या आत कोणाला काही आठवलं तर बरं. झाडीत गडबड असते. माणसाला मागाहून आठवतं."

मी म्हटलं, मला सगळं नीट आठवतंय.

"बरं," म्हणाला आणि लंगडत गेला. म्हातारा मला उगीच पिडतोय. माझ्याकडून त्याला काय हवंय तेच कळत नाही.

१७ सप्टेंबर

म्विला वाचली!

मी बघायला गेलो होतो. न जाणं बरं दिसलं नसतं. म्वावीवाल्यानं पोखरलेल्या वाळक्या भोपळ्यात लालसर पाणी दिलं. आधी सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, "माझ्या चुलीत काही लपवलेलं असेल तर हे पाणी माझ्या पोटात राहो." म्विलानं ते खणखणीत आवाजात म्हटलं, भोपळा तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. तीनशे श्वास मोजले असतील मी. मग ती गुडघ्यांवर पडली आणि भडभडून ओकली. बायकांनी कलकलाट केला, तिला अंघोळ घातली, अंगभर पांढरं पीठ फासलं. ज्यांनी तिचं डोकं भादरलं होतं त्याच तिला खांद्यावर घेऊन नाचल्या.

छातीवरचा दगड उतरला. मी बोललो नाही तेच बरं झालं. आपलं आपण मिटलं. मेजवानीसाठी एक रेडा मारून आणला, एका गोळीत.

रेडा कापत होते तेव्हा चोंबाआजा उठला. म्हणाला, "म्विलाची चूल स्वच्छ आहे. पण त्या झाडीत दोन शिकारी गेले होते. चुली दोन आहेत."

सगळ्यांनी माझ्या तळाकडे पाहिलं. कसुबा दारात धान्य पाखडत होती.

१८ सप्टेंबर

आधी हसलो, मग शिव्या दिल्या, मग चाबूक घेऊन चिंचेपर्यंत गेलो. कोणी पळालं नाही. काब्वे उठून उभा राहिला, वळला आणि पाठ पुढे केली. मी परत आलो.

कसुबाला म्हटलं, उद्या पहाटे निघू, चार दिवसांत सरकारी ठाण्यावर पोचतो. हमालांना बोलावलं. एकही आला नाही. हमाल नाहीत तर दात न्यायचे कसे? तळामागे तीन हंगामांचे दात पुरलेले आहेत. मी पाठ फिरवली की गाव ते उकरून काढणार. तरी जावं असं मला खरंच वाटत होतं. हे मी लिहून ठेवतो.

पण कसुबाच नाही म्हणाली. "गेले तर चूल बाटली होती असंच ठरेल. माझी आई इथं आहे. भाऊ इथं आहेत. म्विला प्यायली, मी पळू?"

मला सुटल्यासारखं झालं. तिनं काही केलेलं नाही, मग भीती कसली? आम्ही रानात असताना राखणीचे तिघं सोडून कोणी पुरुष तळावर फिरकला नव्हता, आणि ते तिघंही म्हातारे. साल निर्दोष माणसाला मारत नाही. म्विलाच्या वेळी पाहिलंच ना.

१९ सप्टेंबर

कसुबानं आज अन्न घेतलं नाही, घ्यायचं नसतं. मी तिला चार वेळा बजावलं, घोट घोट घ्यायचं नाही, तसं ते पोटात मुरतं; एका दमात पी, म्विलासारखं, म्हणजे ओकारी येते. ती मान हलवत होती.

उन्हं कलल्यावर चुलीपाशी बसून म्हणाली, "उद्या मला सगळ्यांसमोर म्हणायचंय. माझ्या चुलीत काही लपवलेलं असेल तर."

"मग म्हण. तू काय लपवलंयस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. असं ती कधी बघत नाही. "ब्वाना, गोळ्या कुठे लागल्या?"

"कपाळात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं," म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मी तर फक्त तुमची बाई आहे. मला सांगितलं तर काय झालं असतं?"

"काय सांगितलं तर?"

"काही नाही."

घाबरली असेल. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस छान ठेवते ती.

२१ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही.

बंदूक तळावरच ठेवायला सांगितली होती; म्वावीपुढे लोखंड चालत नाही म्हणे. मी ऐकलं. मला वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे.

म्वावीवाल्यानं भोपळा दिला. कसुबानं शपथ घेतली, पण 'काही लपवलेलं असेल तर' याच्यापाशी अडखळली. आवाज खाली गेला. चोंबाआजा पुढे वाकून ऐकत होता. मग तिनं भोपळा तोंडाला लावला आणि घोट घोट प्यायला लागली. आजाऱ्यानं औषध घ्यावं तशी. एक घोट, थांबायची. पुन्हा एक घोट. मी एवढं बजावूनसुद्धा. मी ओरडलो, "एका दमात पी, कसुबा." तिनं ऐकलं नाही. 

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी ओरडलो, "थांबा. मी चुकलो. चुकलोसुद्धा नाही, मी मारलंच नाही. मुसोंडा खाली बसला आणि मी पळालो. गोळ्या आभाळात सोडल्या. तिचा काही दोष नाही."

मी सगळं बोललो. अकरा वर्षांत इतकं खरं मी त्या लोकांशी बोललेलो नाही.

 मागून एक बाई म्हणाली, "मायेनं बोलतोय बिचारा."

"आधी नाही बोलला तो," दुसरी म्हणाली. "आपल्या बाईची वेळ आली तेव्हा बोलतोय."

काब्वे उठला. मला वाटलं, हा तरी मानेल. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ब्वाना चुकत नाहीत. मला चांगलं शिकवलंय त्यांनी." लोक हसले. खरोखर हसले.

मी कसुबाकडे धावलो. चौघांनी मला धरलं. दांडगाईनं नाही, हळूच. मी चोंबाआजाला म्हणालो, "आजोबा, तुम्ही तरी थांबवा." तो म्हणाला, "आता नाही, ब्वाना. हे म्हणायला तुम्हाला नऊ दिवस होते."

भोपळ्यात अजून निम्मं होतं. कसुबानं तो तोंडापासून दूर केला, माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाली, "ब्वानांचं ऐकू नका. त्यांच्या दोन्ही गोळ्या कपाळात लागल्या." आणि उरलेलं प्यायली.

का म्हणाली? ती तर तिथं नव्हतीसुद्धा. मी तर खरं सांगून चुकलो होतो.

ती ओकली नाही. उन्हं डोक्यावर येईपर्यंत जगली. आधी पाय गेले, मग पाठ धनुष्यासारखी वाकायला लागली. तिच्या आईनंसुद्धा जवळ जायला नकार दिला. मला सोडलं तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण तिनं मला ओळखलं असं वाटत नाही. बाटलेली बाई म्हणून पुरूही देईनात. रानात टाकायची असते. मी एकट्यानं खड्डा खणला. जमीन दगडासारखी आहे या दिवसांत. हवा तेवढा खोल गेला नाही.

२४ सप्टेंबर

सगळे भेटायला येतात. चितेंबोनं ज्वारीच्या दारूचं मडकं पाठवलं. म्विला आली, पीठ अजून कानामागे होतं. म्हणाली, "तुमचाही दोष नव्हता, ब्वाना. आपण दोघं सारखेच फसलो." लोक मला म्हणतात, बायको अशी निघाली त्याला तुम्ही काय करणार. हमाल परत आले. माझ्या नावाला कुठं काही लागलेलं नाही. उलट आता सगळ्यांना पटलंय की दोनवाले ब्वाना चुकले नव्हते.

मी दोघाचौघांना पुन्हा सांगून बघितलं की मी पळालो होतो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

शेवटी चोंबाआजा आला. तपकीर काढली नाही. म्हणाला, "ब्वाना, मी पहिल्याच दिवशी जमीन वाचली होती. तुमच्या बुटांचे ठसे. टाच कुठेच टेकलेली नव्हती. आणि वारुळामागे तुम्ही किती वेळ उभे होता, तेही."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "हे तुम्ही कोणाला सांगितलंत?"

 "मी? मी कोणाला सांगणार? ब्वाना खोटं बोलले असं म्हटल्यावर काय मिळतं, ते काब्वेच्या पाठीवर लिहिलंय. म्हणून तुम्हालाच विचारत राहिलो."

"आणि कसुबा? ती निर्दोष होती हे ठाऊक असताना?"

"म्विलासाठी तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, आपल्या चुलीसाठी तरी वेळेवर बोलाल." तो काठीवर भार देऊन उठला. उठताना त्याचे डोळे भरले होते. "मुसोंडाला हत्तीपुढे खाली बसायला मी शिकवलं. मागे वळून बघायचं नाही, असं मीच सांगितलं होतं त्याला."

मी त्याला थांब म्हणालो. तो थांबला नाही.

त्यानं कोणाला सांगितलेलं नाही, हे बरं झालं.

२८ सप्टेंबर

चार दिवस तळावर बसून डोकं फिरायची वेळ आली. काम केलेलं बरं. फाटक्या कानाचा नर नदीपलीकडे दिसला, अशी खबर आहे.

आज कसुबाचं सामान तिच्या आईकडे पाठवायला काढलं. आईनं ते नाकारलं. दोन मडकी, एक पाटी, मण्यांची माळ आणि झोपायची चटई. चटईखाली माझी विजार मिळाली. मुंग्यांनी खाल्ली म्हणाली होती ती. शाबूत आहे. राखेनं घासून घासून धुतलेली, घडी घालून, वर गवताचा थर, म्हणजे कोणाच्या नजरेला पडू नये. खोटं का बोलली असेल? चांगली विजार लपवून तिला काय मिळणार होतं? बराच वेळ हातात घेऊन बसलो. विचारायला आता कोणी नाही. तिची आठवण फार येते, तिच्या त्या जिभेची.

उद्या निघायचं. माग काढायला पुढे कोण, असा प्रश्न होता. काब्वे आपण होऊन आला. पण तो पुढे चालणार नाही म्हणतो. माझी दुसरी बंदूक भरून माझ्या मागे चालणार. "तुम्ही पुढे चला, ब्वाना. हत्ती दिसला की खाली बसा. मी आहे मागे. वळून बघायची गरज नाही." गेल्या वर्षीचं सगळं विसरलेला दिसतो. मला खरंच बरं वाटलं.

चूल कालपासून विझलेली आहे. विजार तीच घालणार. अजून दोन हंगाम सहज जाईल.